बाबांच्या हातात फडकं देणाऱ्या दीपगृहावरच्या दादांस

दादा,

तुमचं आणि तुमच्या दीपगृहाचं नाव इथे लिहीत नाही. नियमावर बोट ठेवणारा कुणीतरी निघतोच, आणि चांगुलपणाचा तुम्हालाच ताप नको. वाचाल तेव्हा ओळखाल: सोलापूरचे म्हातारे गृहस्थ, काळा चष्मा, लेकीच्या खांद्यावर हात.

बाबा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माग कुठे बिघडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. काचबिंदूने नजर गेली आणि हळूहळू घरच्यांनीही त्यांना काही दाखवायचं सोडून दिलं. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या या माणसाला दीपगृहाची ओढ होती ती यंत्रापायी. एका दिव्याचा उजेड एवढ्या लांब जातो कसा, हा त्यांचा जुना प्रश्न. सहलीच्या गाडीतले साहेब म्हणाले, "आजोबांना खालीच बसवा, वर जाऊन त्यांना काय दिसणार?" त्याआधी आणखी एका ठिकाणी फाटकावरचा माणूस सगळं माझ्याशीच बोलला; बाबा शेजारीच उभे होते. बाबांनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं, अवाक्षर काढलं नाही. ते मला अजून सलतं.

तुम्ही मात्र थेट त्यांनाच विचारलंत, "काका, गुडघे काय म्हणतायत? चढणार ना?"

वर दिव्याच्या खोलीत पडदे ओढलेले होते. दिवसा उन्हाची तिरीप भिंगातून आत शिरली तर एका जागी गोळा होऊन आग लावू शकते, म्हणून ते पडदे, असं तुम्ही सांगितलंत. भिंगाला बोट लावायचं नाही, तेलकट डाग उजेड खातो, हेही सांगितलंत. मला वाटलं, झालं, आता लांबूनच नमस्कार. तेवढ्यात तुम्ही घडीचं पांढरं सुती फडकं काढून झटकलंत आणि बाबांच्या हातात दिलंत. "आजचं पुसायचं राहिलंय काका. वरून खाली घ्या, घासू नका." त्यांचं मनगट पहिल्या कडेला टेकवलंत आणि बाजूला झालात.

बाबांनी पुसायला घेतलं. फडक्याखालून बोटं एका कडेवरून दुसरीवर उतरत गेली. मध्येच थांबून म्हणाले, "ह्याला तर पायऱ्या हायत की!" मग तुम्ही त्यांना हे भिंग शोधणारा फ्रेनेल सांगितलात. सलग जाड भिंग पेलवणार नाही इतकं जड झालं असतं, म्हणून त्या फ्रेंच माणसाने काचेच्या कड्या एकीबाहेर एक रचल्या. वर-खाली वाया जाणारा उजेड त्या वळवून समुद्राकडे सरळ पाठवतात. १८२३ मध्ये फ्रान्समध्ये असं भिंग पहिल्यांदा दीपगृहावर चढलं. बाबांना हे ऐकायच्या आधी हाताने कळलेलं होतं. त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतः पुसून काढलं.

नंतर तुम्ही दोघं जे बोलत बसलात, त्यात मला जागाच नव्हती. पूर्वी कित्येक दीपगृहांत भिंग पाऱ्यावर तरंगायचं, टनांचं वजन एका बोटाने हलायचं. फिरवायला घड्याळाची यंत्रणा, तिची वजनं मनोऱ्यातून खाली उतरत जायची आणि राखणदार रात्रभर पुन्हा पुन्हा ती वर ओढायचे. बाबांनी विचारलं, "डुलकी लागली तर?" तुम्ही म्हणालात, प्रत्येक दीपगृहाची लुकलुक ठरलेली असते, मध्ये किती सेकंद अंधार तेसुद्धा, भिंग थांबलं तर जहाजावरच्या माणसाला किनारा ओळखू येणार नाही. बाबा हसले. "आमच्या गिरण्यांच्या भोंग्यागत. आवाजावरनं कळायचं कुठली गिरणी."

अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर १८६७ पासून, मुंबईच्या टोकाला प्राँग्जच्या दीपगृहावर १८७५ पासून माणसं अशी जागली. प्राँग्जला तर भरती आली की पायवाट पाण्याखाली. आज जहाजावर जीपीएस आहे, दिवा वीज फिरवते, तरी काच कुणीतरी पुसावीच लागते. ज्यांची तोंडं कधी दिसणार नाहीत अशा खलाशांसाठी ही माणसं रोज ती लख्ख ठेवतात. असलं काम करणाऱ्याला समोरचा आंधळा माणूस अडचण वाटत नाही, याचं मला नवल वाटलं नाही. बाबांवर दया सगळेच करतात. काम तुम्ही एकट्यानेच दिलंत.

शेंगाचटणी सोबत पाठवायची होती, पण पत्ता लिहायला मन धजेना. ती आता समक्षच घ्या. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा रजा टाका आणि वहिनींना, मुलांना घेऊन या. बाबांनी त्यांच्या जुन्या कारखान्यात शब्द टाकून ठेवलाय. त्यांना तुम्हाला चालू माग दाखवायचाय, आणि तुटलेला धागा तुमच्याच हातून जोडून घ्यायचाय.

तुमची,
एका जॉबरची लेक, सोलापूर