एका एलेरॉनला दोन सर्वो

संपादक महाशय,

सोलापुरात मोठी रेडिओ-कंट्रोल विमाने बांधणाऱ्यांसाठी थोडेसे. एका एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) दोन सर्वो (ती हलवणाऱ्या छोट्या मोटर) लावून वाय-लीडने (एका सिग्नलचे दोन फाटे करणारी वायर) जोडले की भागले, असे नाही. दोघांचा मध्य (स्टिक मधोमध असतानाची जागा) किंचित जरी वेगळा असला तरी ते एकमेकांशी झुंजतात. रिमोटची स्टिक सोडली तरी गुणगुणतात, तापतात, बॅटरी खातात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका!

आधी दोन्ही सर्वोंचे आर्म (सर्वोवरचा दांडा), हॉर्न (एलेरॉनवरचा भोक असलेला कान), पुशरॉड (त्यांना जोडणारी सळई) सारखे करा. मग एक सर्वो जोडून दुसऱ्याचा पुशरॉड मोकळा ठेवा. मध्यावर आणि दोन्ही टोकांना त्या मोकळ्या पुशरॉडच्या क्लेव्हिसची (टोकाच्या चिमट्याची) पिन हॉर्नच्या भोकात अलगद शिरली पाहिजे. मध्य सब-ट्रिमने, टोके एंड-पॉइंटने (रिमोटमधल्या सेटिंग) जुळवा. त्यासाठी प्रत्येक सर्वोला स्वतंत्र चॅनेल (रिमोटचा वेगळा सिग्नल) हवा, नाहीतर सर्वो जुळवणारे उपकरण किंवा प्रोग्रॅम करता येणारे सर्वो हवेत. पुशरॉड जोडताच अँपिअरमीटरवर करंट चढला, तर जुळणी पुन्हा तपासा.

— एक वाचक, सोलापूर