पाच मिनिटांनी सुरू होणारी संध्याकाळ

महोदय,
१९८६ साली शिकायला ओहायोत होतो. तिथल्या केबलवर अटलांटाचे डब्ल्यूटीबीएस हे दूरचित्रवाणी केंद्र दिसे. टेड टर्नर यांनी हे स्थानिक केंद्र १९७६ मध्ये उपग्रहावर नेले आणि ते देशभर पोहोचले. कार्यक्रम तासाच्या ठोक्याला नव्हे, ठोक्यानंतर पाच मिनिटांनी सुरू होत. संध्याकाळी ‘अँडी ग्रिफिथ शो’ या विनोदी मालिकेचे जुने कृष्णधवल भाग लागत. घरमालकीणबाई वाटाणे सोलता सोलता पुढचा संवाद आधीच पुटपुटायच्या. अमेरिकी इंग्रजीला माझा कान तिथेच सरावला. आज हव्या त्या मालिका मोबाइलवर मिळतात, पण शेजारी बसून बघायला कुणी नसते. शिकागोहून अशीच देशभर पोहोचलेली वाहिनी डब्ल्यूजीएन अमेरिका २०२१ मध्ये वृत्तवाहिनी झाली, तेव्हा फार हळहळलो.

– एक वाचक, पुणे