सड्यावरचे धोंडे लोटण्याआधी

महोदय,

गोव्यात सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावरच्या, बांधकामाचा श्रीगणेशा पोकलेनने होतो. जांभ्याचा कातळ, त्यावर विखुरलेले धोंडे, कधीकाळचे गडगे, सगळे दिवसभरात सपाट. त्यातले कोणते धोंडे कुणी मुद्दाम मांडले होते, हे बघायला तिथे कोणी नसते.

नागपूरजवळचे जुनापाणी ज्यांनी पाहिले असेल त्यांना माझी धास्ती कळेल. काटोल रस्त्यालगतच्या त्या खडकाळ माळावर सुमारे 300 शिळावर्तुळे आहेत. मोठाल्या काळ्या धोंड्यांचे कडे, आत गोटे आणि मातीची भर. अनोळखी माणसाला शेतातून वेचून टाकलेले दगडच वाटावेत. जवळ गेल्यावर काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले छोटे वाटोळे खळगे हाताला लागतात. 1879 मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथे उत्खनन केले. लोखंडाची हत्यारे, काळी-तांबडी भांडी असा ऐवज या वर्तुळांत मिळतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही दफने. जवळच्या माहूरझरीत तर घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने निघाले! मेलेल्याच्या पाठवणीचा केवढा हा थाट.

गोव्याच्या सड्यांवर असेच काही आहे, असा माझा दावा नाही. पण शोधल्याशिवाय ‘नाही’ तरी कसे म्हणायचे? केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या चेरमनंगाडला याच जांभ्याची, छत्रीच्या आकाराची महापाषाणी (मोठाल्या शिळा रचून उभारलेली) दफनस्मारके उभी आहेत. आपल्या गोव्यातल्या उसगाळीमळची कातळशिल्पे गावकऱ्यांना ठाऊक होती, तरी पुरातत्त्व अभ्यासकांपर्यंत ती पोचली 1993 मध्ये. 2022 साली तीच कोकणच्या कातळशिल्पांसोबत युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

राज्याचा 1978 चा पुरातत्त्व कायदा आहे, पण त्याचे कवच मिळते ते अधिसूचित स्थळाला. ज्याची नोंदच नाही ते धोंडे पोकलेनच्या तोंडी. म्हणून सड्यावरच्या जमिनीच्या रूपांतराला परवानगी देण्याआधी पुरातत्त्वाच्या जाणकाराकडून प्रत्यक्ष चालून पाहणी सक्तीची करावी. तीही गवत वाळल्यावर. श्रावणात सड्यावर कंबरभर धोंडाही दिसत नाही. सोबत गुरे राखणारा एखादा जुना माणूस असावा, त्याला जे माहीत असते ते नकाशात नसते.

कामे रखडतील, अशी ओरड होईलच. एरवी परवान्याच्या फायली महिनोन्महिने पडून असतात, तेव्हा ही ओरड कुठे असते? सरकार हलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. येत्या रविवारच्या ग्रामसभेत असा ठराव घ्यायला पंचायतींना कोणी अडवलेले नाही.

– एक वाचक, सांगे