डबल बेल द्यायच्या आधी

कवठेमहांकाळ,
रविवार, सकाळ

चि. अश्विनी,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी फोनवर तू नव्या कामाचं सांगितलंस आणि मी ‘दलाल’ म्हणालो. तो शब्द तोंडात यायला नको होता. तेव्हापासून तुझ्या आईनं माझ्या चहातली साखर बंद केलीय (मला शुगर नाही, हे तिला पक्कं माहीत आहे). मला फोनवर धड बोलता येत नाही. सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, गाडीत ओरडूनच बोललो. म्हणून लिहितोय.

दवाखान्यातल्या इन्शुरन्सच्या टेबलावरची नोकरी सोडून पेशंटच्या बाजूनं उभं राहायचं काम करणार, असं तू म्हणालीस. असलं काम कुठं असतं का, असं मला वाटलं. मग रात्री झोप लागेना तेव्हा ध्यानात आलं, यातलं थोडं मीच केलंय. जत–मिरज गाडीवर.

सकाळच्या फेरीला निम्मी गाडी पेशंटची असायची. वॉनलेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून आपल्याकडं काही दुखलं की ‘मिरजेला दाखवा’. अथणीकडची माणसंसुद्धा तिथंच. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारं एक्स-रेचं पाकीट. मिरज जवळ आली की विचारायची, “मास्तर, किती मागतील?” कानडी म्हातारे नुसतं “एष्टु?” म्हणायचे. डॉक्टर कसा आहे, हे क्वचितच कोणी विचारायचं. संध्याकाळच्या गाडीला तीच माणसं परत. काय म्हणाले डॉक्टर? “काय की, इंग्रजीत बोलले.” मग परत का नाही विचारलं? “कसं विचारायचं, मागं लाईन होती.” या भिडेपायी लोकांनी रानं गहाण टाकलेली मी पाहिलीत.

दुसऱ्याचं कशाला, आजीचा खुबा मोडला तेव्हा तू नववीत होतीस. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. रात्री दोनला माझ्यापुढं तीन कागद आले आणि मी तिन्हींवर सही केली. वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदात, एक रुपयाचा फरक आला तर डेपोत तासभर हिशोब घालणारा मी, एक ओळ वाचली नाही. बिलात तुझ्या आईच्या पाटल्या गेल्या. पुढं फाईलची झेरॉक्स मागायला रजा टाकून चार खेपा घातल्या. प्रत्येक वेळी “उद्या या”. पेशंटनं कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे, हा नियम डॉक्टरांच्या कौन्सिलनं २००२ सालीच केलाय, हे गेल्या दिवाळीत तू सांगितलंस तेव्हा मी उठून गच्चीवर गेलो होतो. आठवतंय?

त्या रात्री मला भांडणारा माणूस नको होता. कागद वाचून दाखवणारा हवा होता. सरकारच्या फुकट उपचारांच्या फुले योजनेत बसतं का, हे ॲडमिट होतानाच दवाखान्यात त्या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारणारा. धर्मादाय दवाखान्यात शंभरातल्या दहा खाटा निर्धनांना फुकट आणि दहा दुर्बल घटकांना सवलतीत असतात, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन चला, असं सांगणारा. म्हणजे काम खरं आहे. ते मी मानलं.

आता माझी अडचण ऐक. पगार कोण देणार? आरोग्यमित्र पोरं चांगली असतात, पण त्यांचं काम योजनेपुरतं. तुझं आताचं टेबल दवाखान्याच्या पगारावर. आणि स्टँडबाहेर म्हातारीच्या हातातली पिशवी घेऊन “चला मावशी, ओळखीचे डॉक्टर आहेत” म्हणणारे कमिशनवर. ते मी रोज बघितलेत, म्हणून तो शब्द आला. तुझी ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच खिशात पैसे नसणार. अमेरिकेत १९८० पासून याची पदवी मिळते म्हणतेस. मिळत असेल, पण ती फी जतच्या माणसाला कशी झेपायची?

म्हणून माझं म्हणणं, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची मास्टर डिग्री, कर. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षकाचं पद असतं, त्याची जाहिरात निघाली की फॉर्म भर. पगार चालू असला की माणूस वाकत नाही. आणि स्वतंत्र काम केलंसच, तर फी आधी सांग आणि पावती फाड. तिकीट न फाडता घेतलेल्या दोन रुपयांपायी घरी बसलेले कंडक्टर मला माहीत आहेत. दवाखाना, लॅब, मेडिकलवाला, कुणाचा चहासुद्धा घेऊ नकोस.

आणखी एक. ऑपरेशन करावं का नको, हे तू सांगायचं नाहीस. पेशंटला विचारायला लाव, उत्तर डॉक्टरला देऊ दे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, अर्धी फाईल वाचून निकाल देशील.

पाटल्यांबद्दल आईपाशी बोलू नकोस. तिला वाटतं, मी विसरलो.

मळ्यातल्या हौसाआक्कांना पुढच्या सोमवारी मिरजेत दाखवायचंय, किडनीचं आहे. शनिवारी येणार असशील तर त्यांच्याबरोबर तू जा. कागद मी गोळा करून ठेवलेत. आधारवर ‘हौसाबाई’ आणि रेशनकार्डावर ‘हवसाबाई’ आहे. आधी ते बघ.

तुझे,
अण्णा