गुरांच्या डॉक्टरीणबाईंना, मोत्याच्या घरून

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कशी झुंबड असते ते आम्ही पाहिलंय. कुणाची गाय अडलेली, कुणाच्या शेळीला हगवण, आणि त्यात आमचा गावठी मोत्या. "कुत्र्यासाठी कोण रांग लावतं?" असं मागून कुणीतरी बोललंच. तुम्ही काही न बोलता त्याला टेबलावर घेतलंत, ओठ वर करून पांढरट पडलेल्या हिरड्या पाहिल्यात आणि म्हणालात, "रक्त तपासू या." गोचीडताप निघाला. प्लेटलेट पार खाली आल्या होत्या.

मोत्या बरा झाला म्हणून आभार आहेतच. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या जवळजवळ महिनाभर द्यायच्या, उपाशीपोटी नाही, आणि चार घास खायला लागला की बंद करायच्या नाहीत, हे तुम्ही आईला अस्सं बजावलंत की तिने कॅलेंडरवर खुणा करून कोर्स पुरा केला.

पण माझ्या डोक्यात राहिला तो तुमचा प्रश्न: "घर चिऱ्याचं आहे का?" कुत्र्याच्या आजारात भिंतीचं काय काम, मला कळेना. मग तुम्ही सांगितलंत. कुत्र्यावरची गोचीड आयुष्यातला बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म झालेली मादी खाली उतरते, भिंतीच्या भोकात शिरते आणि हजारांनी अंडी घालते. आमच्या कोकणातल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्याला भोकांची काय कमी! पडवीचा खालचा भाग सिमेंटने लिंपून घेतला, मोत्याचं गोणपाट दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढतो. गोचिडी खूप कमी झाल्या. संपल्या म्हणणार नाही, कोकणात राहतो आम्ही.

आबा गोठ्यातलं गुरांचं औषध मोत्याच्या अंगावर ओतायला निघाले होते. (त्याआधी रॉकेलही सुचवून झालं होतं.) बाटलीवरचं प्रमाण गुरांचं असतं, कुत्रा ते चाटतो, हे तुम्ही त्यांना न दुखावता समजावलंत. वर विचारलंत, "मांजर आहे का घरात?" मनी आहे. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला कोण सांगणार होतं? तापाचंही तसंच. कुत्र्याचं अंग एरवीसुद्धा १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून आपल्या हाताला ते कायम कढतच लागणार. त्यावरून घरातली पॅरासिटामॉल द्यायची नाही.

तुम्ही दाखवलेली तपासणी आता माझी धाकटी लेक करते. संध्याकाळी पडवीत बसून कानाच्या आतून, पट्ट्याखालून, काखेतून आणि शेवटी बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवायचा. गोचीड सापडली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, नखांनी चिरडायची नाही. मोत्याला हे लाड वाटतात. ती पुस्तक घेऊन बसली तरी हा पाय पुढे करतो.

एक विनंती आहे. मोत्याची रेबीजची वार्षिक लस जवळ आली. तुम्ही म्हणाला होतात, वाडीतली बाकीची कुत्रीही आणा. रिक्षावाला तयार झालाय, तेव्हा लस थोडी जास्त मागवून ठेवा. मुसकी बाजारात मिळाली नाहीत, पंच्याच्या पट्ट्या आणतोय. वरच्या घरातल्या काळूला मात्र सगळ्यात शेवटी घ्या. तो मालकालाही चावतो.

आपला नम्र,
मोत्याच्या घरचा