बाबांच्या बुटांबद्दल

मुक्काम कशेळी, ता. राजापूर
18 नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

आई, शेजारच्या काकूंना तू सांगितलंस म्हणे, की मी फॉरेस्टात लागले. नाही गं. फॉरेस्टवाल्यांचं काम निराळं. आमची नऊ जणांची टीम सड्यांवर, उघड्या कातळाच्या माळांवर फिरते. कातळशिल्पं मोजायची, ड्रोनने फोटो काढायचे, कातळावरच्या गवताफुलांची नोंद करायची. ही सगळी माणसं खाली मान घालून काम करतात. कोणी टेप धरून उकिडवा बसलेला, कोणी ड्रोनच्या स्क्रीनमध्ये डोकं घातलेलं. तेव्हा आजूबाजूला बघणारं एक माणूस लागतं, ते मी. कागदावर त्याला वाइल्डलाइफ सेफ्टी मॉनिटर म्हणतात. गावातली पोरं मला राखणदारीण म्हणतात. काकूंना तेच सांग, लवकर समजेल.

इथला हत्ती तुम्ही बघायलाच हवा. कातळात कोरलेला, सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या आत जमिनीवरची नि समुद्रातली कितीतरी जनावरं. 2022 साली ही कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून बघायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. आम्ही मात्र जिथे वाटही नाही अशा सड्यांवर जास्त असतो.

काम सुरू करायच्या दिवशी गावकऱ्यांनी सड्यावर गाऱ्हाणं घातलं. "होय म्हाराजा" म्हणताना आमचा पुण्याचा ड्रोनवाला सगळ्यांत मोठ्याने ओरडला. नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि मग मी माझं गाऱ्हाणं घातलं. एकट्याने कुठेही जायचं नाही, लघवीलासुद्धा जोडीने. सुगंधी तेल आणि डिओ बंद, कारण कड्याला आग्या मोहोळ आहे. दगड पलटायचा तर आकडीने, पलीकडची कड आपल्याकडे ओढून, म्हणजे आत कोणी असेल तर दगड मध्ये राहतो. साडेपाचला सगळे जीपमध्ये, फोटो राहिला असला तरी. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं. हे शेवटचं वरिष्ठांना पचायला जरा वेळ लागला.

त्यात एकदा माझीच फजिती झाली. ओल्या मातीत पावलं दिसली, मी बिबट्या म्हणून अर्धा दिवस काम बंद ठेवलं. दुपारी नीट बघते तर पुढे बारीक नखं उमटलेली. मांजरकुळातला प्राणी चालताना नखं आत ठेवतो, हे मीच सगळ्यांना शिकवलेलं. कुत्रा होता, वाडीतलाच. संध्याकाळी तो माझ्या डब्यातली भाकरी खाऊन गेला.

बिबट्याची तुम्हाला वाटते तेवढी भीती मला वाटत नाही. नऊ माणसं बडबडत चालली की तो केव्हाच निघून जातो. त्याचंच वाईट वाटतं. बिनकठड्याच्या विहिरीत पडतो बिचारा, मग अख्खा गाव मोबाइल घेऊन काठावर उभा.

मला भीती आहे ती वीतभर विषारी सापाची, फुरशाची. आई, फुरसं म्हटलं की तू अजूनही "जिवाणू" म्हणतेस, नाव घेत नाहीस. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळायचं. ढिगांनी मारली, तरी सड्यावर ती आहेतच. कातळाच्याच रंगाचं, डोक्यावर बाणासारखी खूण. जवळ गेलं की अंगाचे वळसे एकमेकांवर घासतं, आणि तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येतो. हा आवाज म्हणजे त्याचा उपकारच. पण दर वेळी तो करेलच असं नाही.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते लिहिते. आई, आधी खाली बस. मला काही झालेलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटाला परतीचा पाऊस पडून गेला होता. आमच्या टेप धरणाऱ्या पोराचे बूट भिजले, म्हणून तो चपला घालून आला. सकाळी जीपमधून उतरताना मी त्याचे पाय बघितले. बघितले, आणि म्हटलं जाऊ दे, अर्ध्या तासाचं तर काम आहे. त्या अर्ध्या तासात गवतातून खुंटी काढायला तो पुढे झाला आणि घोट्याच्या खाली टोचल्यासारखं झालं. काटा लागला, असंच म्हणाला तो. मग मला गवतात ते इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं दिसलं.

पुढचं सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. त्याला आडवं केलं, सूज चढायच्या आत पायातला काळा दोरा कापला, काठी बांधून पाय हलणार नाही असा केला. एक वयस्कर गडी टॉवेल घेऊन वर करकचून आवळायला धावला, त्याला अडवलं. चिरायचं नाही, चोखायचं नाही, साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही. त्याला एक पाऊल चालू न देता उचलून जीपमध्ये घातलं. रस्ताभर तो एकच विचारत होता, "ताई, घरी सांगणार नाही ना?"

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि 20 मिनिटं हात न लावता उभं ठेवलं. फुरशाचं विष रक्ताचं गोठणं बिघडवतं, ते असं कळतं. मी त्या नळीकडे बघत बसले होते. वेळ झाल्यावर नर्सने ती तिरकी केली. रक्त कोकमाच्या सरबतासारखं सरसर वाहिलं. मग प्रतिविषाचं सलाइन लागलं. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा तेच, पुन्हा सलाइन. पहाटे तिसऱ्यांदा तिरकी केली तेव्हा आत गोळा होता, हलला नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, हे टीममध्ये कोणाला माहीत नाही. पोरगा चौथ्या दिवशी घरी गेला. पाय अजून जरा सुजलेला आहे, पण परवा फोनवर क्रिकेटचं बोलत होता.

वरिष्ठांनी माझी चूक अहवालात घातली नाही. मी स्वतः घातली.

बाबा, आता तुमच्याकडे येते. तुम्ही पहाटे चारला लाइट आली की पंप लावायला पोफळीत जाता. अनवाणी. बॅटरी असते, पण ती खिशात, कारण "वाट पायाला पाठ आहे". वाट पाठ आहे हो, पण वाटेवर कोण येऊन बसलंय ते पाठ कसं असणार? पंपाच्या खोपीला टेकून नारळाच्या सोडणांचा ढीग गेल्या शिमग्यापासून आहे. त्यात उंदीर आहेत हे तुम्हीच सांगितलंत. उंदीर आहेत तिथे घोणस येणार. मागे हे बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, विंचू-सापाचा उतारा करणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, आणि जागेचा देव, राखणदार, तर आहेच. विंचवाने माणसं जायची थांबली ती उताऱ्याने नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून फरक पडला. राखणदाराचं मी काही म्हणत नाही. त्याचं काम थोडं हलकं करू, एवढंच.

परक्या माणसांना मी रोज दटावते आणि तुमच्यासमोर गप्प बसते, कारण तुम्ही चिडता. त्या दिवशीही मी गप्प बसले होते.

तर गुहागरला येणाऱ्या एसटीने एक खोकं पाठवते आहे, आगारातून आणवून घ्या. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आहेत, आणि डोक्याला बांधायची बॅटरी, म्हणजे हात मोकळे राहतील. सोडणांचा ढीग मी पुढच्या महिन्यात आले की गड्याला घेऊन हलवते. तोवर त्याला कोणी हात घालू नका. आई, तूही चुलीला सोडणं तिथली आणू नकोस. आणि वाडीत कुठे बिबट्या विहिरीत पडला तर आरडाओरडा न करता 1926 ला फोन करा, वनखात्याचा नंबर आहे. तुझ्या देवघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेव.

बूट नऊ नंबरचे आहेत. रात्री पडवीत काठीवर उलटे ठेवा. पहाटे घालायच्या आधी जमिनीवर दोनदा आपटायचे, आत विंचू शिरलेला असतो कधीकधी. आई, तुझी झोप तशीही चारला मोडतेच. आपटल्याचा आवाज आला नाही, तर त्याच वेळी मला फोन कर. मी उठलेली असते.

तुमची,
धाकटी