रुग्णालयांची आगोट कोण भरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत. कोकणातल्या घराघरांतून कौले परतून झाली आहेत, लाकूडफाटा पडवीत रचला गेला आहे आणि सुक्या मासळीचे डबे भरले आहेत. अशा वेळी आपल्या तालुक्यांतील रुग्णालयांनी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, कोणती तयारी केली आहे, हा प्रश्न विद्युत खात्यात तीस वर्षे काम केलेल्या माझ्यासारख्या माणसाला अस्वस्थ करतो.

गेल्या आषाढात माझ्या थोरल्या भावाला दम्याच्या त्रासामुळे एका खासगी रुग्णालयात दाखल केले होते. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र बंद पडले. जनरेटर इमारतीमागच्या शेडमध्ये, अंगणाच्याच पातळीवर होता आणि त्याच्या चाकाशी पाणी आले होते. वॉर्डबॉय चावी फिरवत होता, पण नुसता 'टक्' असा आवाज येई. मी विजेरी धरून पाहिले, तर जनरेटर सुरू करणाऱ्या बॅटरीच्या टर्मिनलवर गंजाचा हिरवट-पांढरा थर चढला होता. सिस्टरने भरलेला सिलिंडर ओढत आणला, तर तो उघडण्याचा पाना जागेवर नव्हता. वरच्या मजल्यावरच्या प्रसूती विभागातून तो आणेपर्यंत भाऊ खाटेची कड धरून श्वासासाठी झगडत होता. तो वाचला. सिस्टरला किंवा त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण जनरेटर कधी आणि कसा तपासायचा हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

हा दोष आपल्याकडचाच आहे असेही नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळ न्यूयॉर्कवर आले, तेव्हा बेलव्ह्यू या सरकारी रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, परंतु त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात होते आणि ते बुडाले. माणसांनी जिन्यावर रांग लावून डिझेल हातोहात वर पोहोचवले, तरी अखेर रुग्णालय रिकामे करावे लागलेच. उलट जपानमधील इशिनोमाकी येथील रेडक्रॉस रुग्णालय 2006 मध्ये भूकंपाचे धक्के शोषून घेणाऱ्या पायावर उभारले होते. 11 मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीत शहराची वाताहत झाली, पण त्या रुग्णालयाचे काम थांबले नाही.

चिपळूणकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेल्या या शहरात 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी पुन्हा शिरले, एका कोविड रुग्णालयाची वीज गेली आणि तेथील आठ रुग्ण दगावल्याच्या बातम्या आल्या. महाड, खेड, राजापूर ही गावेही नदीकाठचीच. मधल्या सोळा वर्षांत घरमालकांनी विजेचे मीटर वर चढवले, दुकानदारांनी माळे बांधले; रुग्णालयांच्या जनरेटरचे मात्र तसे झालेले मला दिसले नाही.

आगीच्या बाबतीत निदान कायदा आहे. 2006 च्या अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. तरीही 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली, आणि अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघूनही त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत अकरा रुग्णांचा बळी गेला. म्हणून नुसत्या कागदावर माझा विश्वास नाही.

जनरेटर रिकामा पाच मिनिटे फिरवून बंद करणे म्हणजे तपासणी नव्हे. अमेरिकेत तो महिन्यातून एकदा किमान 30 मिनिटे प्रत्यक्ष लोडवर, म्हणजे विजेचा भार टाकून, चालवण्याचा दंडक आहे. आपल्याकडेही जिल्हा शल्यचिकित्सकांनी मे महिना संपण्यापूर्वी प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयाचा मुख्य स्विच स्वतःसमोर पाडायला लावावा, वीज किती सेकंदांत परत येते ते मोजावे आणि डिझेलची टाकी, पंप व चेंजओव्हर स्विच (जोडणी जनरेटरवर नेणारा) 2021 च्या पूररेषेच्या वर आहेत की नाहीत ते डोळ्यांनी पाहावे. चाचणीची तारीख व निकाल दाराशी फलकावर लिहावा. सिलिंडरचा पाना साखळीने सिलिंडरलाच बांधायला तर पन्नास रुपयेही लागणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी,
खेड, जि. रत्नागिरी